आपल्याच वस्तूचा पेच



आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला तीन फोन आले. तिघांचाही प्रश्न एकच, पत्रिकेत छपाईची चूक तर झालेली नाही ना? तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस व्हिडिओ गेमच्या यंत्रांना लावलेल्या स्क्रूंवर तासभर बोलणार, हे त्यांना खरं वाटेना. तर चूक झालेली नाही. मागच्या वेळी आपण मालकीच्या कल्पनेवर बोललो, आणि एक प्रश्न अर्धवट राहिला. वस्तू आपली आहे म्हणजे नेमकं काय? तो प्रश्न पुस्तकांतून पुढे न्यायचा आम्ही प्रयत्न केला आणि अडलो. त्याच सुमारास आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आमच्या टेबलावर प्लॅस्टिकची एक चपटी डबी आणून ठेवली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. तिच्या मागे एकच स्क्रू होता, आणि घरातल्या एकाही स्क्रूड्रायव्हरने तो फिरेना. त्या डबीकडे आपण नंतर येऊ. आधी स्क्रू.

स्क्रूला जुन्या मराठीत मळसूत्र म्हणत. पेच हाही शब्द आहे, आणि पेच म्हणजे अडचण, गुंताही. भाषेने दोन अर्थ एका शब्दात ठेवले आहेत ते आज आपल्या सोयीचंच आहे.

दोन वस्तू जोडायचे मार्ग अनेक. खिळा ठोका, रिव्हेट मारा, वेल्डिंग करा, चिकटवा. स्क्रूचं वेगळेपण असं की ज्या वाटेने तो आत गेला त्याच वाटेने बाहेर येऊ शकतो. खिळाही उपटता येतो म्हणा, पण तेव्हा लाकडाला इजा होते. स्क्रू इजा न करता सुटतो. म्हणजे जिथे कारागिराने स्क्रू लावला तिथे त्याने मनात धरलेलं असतं की हे कधीतरी उघडावं लागणार आहे. उघडायचं नसतं तर चिकटवून मोकळा झाला असता, स्वस्तातही पडलं असतं. स्क्रू म्हणजे उघडू देण्याचं वचन आहे, असं आम्ही म्हणू.

आता स्क्रूचे दोन भाग पाहा. खाली आटे, वर डोकं. धरून ठेवायचं काम आटे करतात. डोक्याचं काम फक्त फिरवणाऱ्या हाताशी बोलायचं. चपट्या खाचेचा स्क्रू असो, फुलीचा असो, चौकोनी असो, आटे तेच असतील तर पकड तीच. म्हणून ज्याला सिक्युरिटी स्क्रू म्हणतात त्याची सगळी सिक्युरिटी डोक्यात असते. तो काही जास्त घट्ट बसत नाही. त्याने दिलेलं उघडण्याचं वचन कायमच असतं, फक्त ते कुणाला दिलं आहे हे डोक्याचा आकार ठरवतो. आज आम्हाला एवढीच एक गोष्ट सांगायची आहे. बाकी सगळं तिचा तपशील.

आकारांचा इतिहास थोडक्यात. एका सरळ खाचेचा स्क्रू सगळ्यात जुना. सुरीच्या टोकाने, नाण्याच्या कडेने, हाती येईल त्याने फिरतो. त्याचा दोष असा की स्क्रूड्रायव्हर बाजूला घसरतो. कॅनडात पी. एल. रॉबर्टसन यांनी १९०८ च्या सुमारास चौकोनी खाचेचा स्क्रू काढला. अमेरिकेत ओरेगनच्या हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली फुलीच्या खाचेची पेटंटं मिळाली. आपल्याकडे त्याला कुणी प्लस म्हणतं, कुणी स्टार. त्याच्या खाचेच्या भिंती आतल्या बाजूला उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की टोक वर सरकून निसटतं आणि खाच झिजते. ज्याने घरचा पंखा किंवा मिक्सर उघडायचा प्रयत्न केला आहे त्याला हे सांगायला नको. मग १९६७ साली अमेरिकेतल्या कॅमकार कंपनीने टॉर्क्स आणला. सहा पाकळ्यांची खाच, भिंती सरळ उभ्या, टोक निसटत नाही. कारखान्यात यंत्राने स्क्रू लावायचे तर फारच सोयीचा.

इथे एका गैरसमजातून आपण बाहेर पडू. चौकोनी स्क्रू कॅनडातल्या सुताराला अगदी घरगुती वाटतो, आपल्याला विचित्र वाटेल. टॉर्क्स मोटारीच्या गॅरेजात रोजचा, पण २००५ साली अमेरिकेतल्या बऱ्याच घरांतल्या हत्यारांच्या डब्यात तो नव्हता. म्हणजे ‘विचित्रपणा’ हा स्क्रूचा गुण नव्हे. काळा रंग किंवा लोखंडीपणा हे जसे वस्तूचे गुण आहेत तसा हा नाही. स्क्रू, तो बनवणारा आणि तो उघडू पाहणारा या तिघांमधला हा संबंध आहे. नैयायिक भाषेत बोलायचं तर हा संबंध तिसऱ्याच्या हातातल्या हत्याराच्या अभावावर उभा आहे. अभावावर आपण मागे दोन व्याख्यानं घालवली, ती अशी कामाला येतील असं वाटलं नव्हतं.

आता खेळांची यंत्रं. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा फॅमिकॉम १९८३ साली जपानमध्ये आला, आणि त्याचंच रूप १९८५ पासून अमेरिकेत एनईएस या नावाने विकलं गेलं. दोन्ही यंत्रांना खालून साधे प्लसचे स्क्रू होते. कुणीही उघडावं. एनईएसच्या सुरुवातीच्या कार्ट्रिजनाही, म्हणजे ज्या डब्यांत खेळ असतो त्यांनाही, चपट्या खाचेचे पाच स्क्रू असत. मग काही वर्षांत बदल झाला. कार्ट्रिजचे स्क्रू पाचाचे तीन झाले आणि त्यांचं डोकं वेगळं आलं. नव्वदच्या दशकात आलेल्या सुपर निन्टेन्डोच्या यंत्रालाही तसेच, फक्त मोठे स्क्रू. कार्ट्रिजसाठी ३.८ मिलिमीटर, यंत्रासाठी ४.५ मिलिमीटर. सेगाच्या यंत्रांतही हे दिसतात. इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूंनी या हत्याराला ‘गेमबिट’ असं नाव पाडलं.

हा स्क्रू पाहण्यासारखा आहे. नेहमीच्या स्क्रूला डोक्याच्या मधोमध खाच असते आणि हत्यार तिच्यात शिरतं. इथे उलटं. डोकं स्वतःच एक छोटा खांब, त्याच्या कडेला खाचा. हत्यार पोकळ नळीसारखं, ते डोक्याला बाहेरून टोपीसारखं बसवायचं. आणि हे डोकं प्लॅस्टिकच्या खोल अरुंद विहिरीत बसवलेलं, म्हणजे पक्कड आत जाणार नाही आणि चपटं टोक लावायला जागा नाही. विचार करणाऱ्याने बारकाईने विचार केलेला आहे. आम्ही कारागिराला दाद देतो, त्याने काय साधलं ते मान्य नसलं तरी.

पुढे तीन पाकळ्यांचा, इंग्रजी वाय अक्षरासारखा स्क्रू निन्टेन्डोच्या यंत्रांवर सर्रास दिसू लागला. डीएस, वी, आणि २०१७ चा स्विच, सगळीकडे तोच. मायक्रोसॉफ्टने २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सला टॉर्क्स लावले, आणि ते लावले कुठे तर खालच्या रबरी पायांच्या आणि लेबलांच्या आड. एक्सबॉक्स ३६० ला टॉर्क्स, आणि त्याशिवाय दर्शनी पट्टी काढल्यावर दिसणारा एक कागदी शिक्का. तो फाटला की उघडल्याचा पुरावा झाला. सोनीच्या प्लेस्टेशन ४ ला मधोमध खुंटी असलेले टॉर्क्स, त्यांच्यावर चिकटपट्टी. खुंटीमुळे साधा टॉर्क्स आत बसत नाही, भोक पाडलेलं टोक लागतं.

आता स्विचच्या बाबतीतली एक गंमत सांगतो. त्याच्या मागच्या झाकणाचे चार मुख्य स्क्रू तीन पाकळ्यांचे. ते काढून आत गेलात की आतले बहुतेक स्क्रू साधे प्लसचे. त्याच्या बाजूला लावायचे जॉय-कॉन नावाचे जे छोटे हातळे आहेत त्यांचंही तेच. बाहेर वाय, आत प्लस. हा पुरावा आम्हाला फार बोलका वाटतो. तीन पाकळ्यांचा आकार यंत्रशास्त्राच्या दृष्टीने श्रेष्ठ असता तर आतही तोच वापरला असता. आतल्या स्क्रूंना कुणाशी बोलायचं नव्हतं, म्हणून ते साधे. बाहेरचे चार मात्र आपल्याशी बोलतात. ‘तुम्ही नव्हे’ असं म्हणतात.

बरं, कंपन्यांच्या बाजूने काही म्हणण्यासारखं आहे की नाही? आहे, आणि ते नीट ऐकलं पाहिजे. ही यंत्रं मुलांच्या हाती असतात. सात वर्षांच्या मुलाने काट्याच्या टोकाने झाकण काढून आत बोट घालू नये, ही काळजी खरी आहे. ज्या यंत्रांत विजेचा पुरवठा करणारा भाग आतच बसवलेला असतो, त्यांत प्लग काढल्यावरही काही काळ कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, तीही काळजी खरी. उघडून बिघडवायचं आणि वर हमी मागायची, अशी गिऱ्हाइकंही असतात. खऱ्या खेळाच्या डबीत नकली पाटी बसवून विकणारेही असतात.

पण सुपर निन्टेन्डोचं उदाहरण घ्या. त्याला वीज देणारा ॲडॅप्टर भिंतीजवळ, यंत्राच्या बाहेर. आत येतो तो कमी दाबाचा प्रवाह. आणि कार्ट्रिजमध्ये तर एक पाटी, फार तर बटणाएवढी बॅटरी. तिथे मुलाचा जीव वाचवण्याचा युक्तिवाद टिकत नाही. तिथे रक्षण कशाचं होतं हे त्या काळातली दुसरी एक गोष्ट पाहिली की कळतं. एनईएसच्या यंत्रात आणि प्रत्येक कार्ट्रिजमध्ये एकेक छोटी चिप होती. दोघी एकमेकींशी बोलत. ओळख पटली नाही की यंत्र पुन्हापुन्हा नव्याने सुरू होत राहायचं आणि पडदा मिचकावत राहायचा. म्हणजे कोणता खेळ या यंत्रात चालेल हे यंत्र विकून झाल्यावरही कंपनीच ठरवणार. विचित्र डोक्याचा स्क्रू हा त्या चिपचा धाकटा भाऊ आहे. ती विजेच्या भाषेत विचारते तेच हा लोखंडाच्या भाषेत विचारतो, तुम्ही आमचे का?

कुणी म्हणेल, दाराला कुलूप असतंच की, त्यात गैर काय? फरक किल्लीचा आहे. कुलूप विकत घेतलं की किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात पडते, दोन मिळतात, एक हरवली तर असावी म्हणून. फ्लॅट घेतला, पैसे चुकते केले, आणि बिल्डर म्हणाला की किल्ली आमच्याकडेच राहील, तुम्हाला आत यायचं असेल तेव्हा आमच्या माणसाला बोलवा, तर पुण्यातला कोणता माणूस ऐकून घेईल? स्क्रूच्या बाबतीत आपण ऐकून घेतो. कारण आपण बहुधा उघडायलाच जात नाही.

इथे आम्हाला रघुनाथ शिरोमणींची आठवण होते. नवद्वीपचे नव्य-नैयायिक, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचे. वैशेषिकांची पदार्थांची जुनी यादी त्यांनी मोडून पुन्हा तपासली आणि स्वत्व, म्हणजे मालकी, हा एक स्वतंत्र पदार्थ मानला पाहिजे असं म्हटलं. त्यांच्यासमोर मत होतं ते असं, वस्तू माझी म्हणजे तिचा मला हवा तसा वापर करता येणं, यथेष्टविनियोगाची योग्यता. रघुनाथांनी विचारलं, वापर करता येणं म्हणजे काय? खाता येणं? दुसऱ्याचं अन्नही खाता येतंच. मग म्हणाल की तसं करायला शास्त्राने मनाई केली आहे, दुसऱ्याचं घेऊ नये. पण ‘दुसऱ्याचं’ म्हणजे काय हे कळण्यासाठी मालकी आधीच कळलेली असावी लागते. चक्र झालं. म्हणून मालकीला वापराच्या क्षमतेत विरघळवता येत नाही.

आमच्या डबीला हे लावून पाहा. ज्याच्याकडे ३.८ चं हत्यार आहे तो चोर असला तरी डबी उघडू शकतो. ज्याने पैसे मोजले त्याच्याकडे हत्यार नसेल तर तो उघडू शकत नाही. उघडता येणं एका माणसाकडे, मालकी दुसऱ्याकडे. रघुनाथांचं म्हणणं इतक्या स्वच्छपणे दाखवणारं उदाहरण वर्गात आम्हाला कधी सापडलं नाही, पस्तीस वर्षं आम्ही आपले आंब्याचं झाड आणि शेजारी यांच्यावरच भागवलं. पण उदाहरण पुढेही जातं. मालकी आणि क्षमता तर्कात वेगळ्या, हे कबूल. व्यवहारात मात्र क्षमता एकेक करून काढून घेत गेलं तर मालकी शाबूत राहून पोकळ होते. पावती खिशात आहे, स्वत्व पूर्ण आहे, आणि वस्तू बंद पडली की आपण दारात उभे.

आता ती डबी.

आमचा हा विद्यार्थी १९९८ साली नोकरीसाठी न्यू जर्सीला गेला. दुसऱ्या वर्षी आईला बोलावून घेतलं. आई सातारा जिल्ह्यातल्या, इंग्रजी जुजबी. हिवाळा. मुलगा सकाळी सातला जाणार, संध्याकाळी सातला येणार, बाहेर बर्फ, ओळखीचं कुणी नाही. घरात एक हातात धरून खेळायचं यंत्र पडलेलं होतं. त्यात वरून पडणारे ठोकळे रचायचा एक खेळ होता. भाषा लागत नाही, नुसतं रचायचं. आई चार महिने तो खेळल्या. आणि चांगल्या खेळल्या. गुणांच्या यादीत नाव टाकायची सोय होती, तिथे त्यांनी मुलाला विचारून रोमन लिपीतली तीन अक्षरं टाकली होती, ए, ए, आय. आई.

त्या गेल्याला आता बरीच वर्षं झाली. यादी त्या डबीत आहे. आणि ती कशी आहे हे समजून घेतलं पाहिजे, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. त्या काळच्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये खेळाची नोंद ठेवणारी चिप अशी असते की वीज गेली की ती सगळं विसरते. म्हणून पाटीवर तीन व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी झाळलेली असते, घड्याळात असते तसली. यंत्र बंद असताना ती त्या चिपला जागं ठेवते. अमेरिकेत १९८७ साली आलेल्या झेल्डाच्या सोनेरी कार्ट्रिजपासून ही युक्ती घराघरांत पोचली. बॅटरी पंधरा-वीस वर्षं टिकते, कधी जास्तही. पोकेमॉनच्या गोल्ड आणि सिल्व्हर या खेळांत तिच्यावर घड्याळही चालायचं, तिथे ती लवकर संपते. संपली की नोंद गेली. बॅटरी बदलायची तर डबी उघडायला हवी. डबीला तो स्क्रू. म्हणजे ज्या भागाचं आयुष्य मर्यादित आहे हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तोच भाग त्याने अशा दाराआड ठेवला.

आम्ही दोघं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या एका दुरुस्तीवाल्याने डबी हातात घेतली, आत डोकावला, आणि म्हणाला, “काका, हे टोक माझ्याकडे नाही. मागवलं तर चार दिवस. नाहीतर फोडतो, मागून चिकटवून देतो, कळणार पण नाही.” विद्यार्थ्याला चार दिवसांनी परत जायचं होतं आणि फोडायला त्याची तयारी नव्हती. मग त्या माणसाने एक जुनं बॉलपेन घेतलं, रिफिल काढून टाकली, प्लॅस्टिकच्या नळीचं तोंड लायटरवर मऊ होईपर्यंत धरलं, आणि विहिरीत घालून स्क्रूच्या डोक्यावर दाबून ठेवलं. दोन मिनिटं थंड होऊ दिलं. नळीच्या आत डोक्याचा साचा उमटला. मग हळूहळू फिरवलं. एकदा घसरलं, पुन्हा तापवलं, दुसऱ्यांदा स्क्रू आला. ही युक्ती जगभर माहीत आहे असं आम्हाला नंतर कळलं. एका कंपनीने विचारपूर्वक घडवलेल्या आकाराला दोन रुपयांच्या पेनाने उत्तर दिलं.

पुढचं काम जास्त नाजूक होतं. जुनी बॅटरी नुसती काढली तर त्याच क्षणी नोंद जाणार. त्याने मीटर लावला, तीनच्या जागी अडीचच्या आसपास दाखवत होता. मग पाटीवर जिथे जुन्या बॅटरीची दोन टोकं पोचतात तिथेच त्याने आणखी एका बॅटरीच्या दोन बारीक तारा आधी झाळून घेतल्या, म्हणजे चिपला कुठूनतरी वीज मिळत राहील. मग जुनी काढली, पत्र्याच्या पट्ट्या असलेली नवी बसवली, आणि शेवटी त्या तारा सोडवल्या. त्याने आमच्याकडून दीडशे रुपये घेतले. विद्यार्थ्याने तिथेच यंत्रात डबी घालून पाहिली. यादीत तिसऱ्या आणि पाचव्या जागी तीन अक्षरं होती. दुरुस्तीवाल्याने वाकून पाहिलं, विचारलं काही नाही.

आता कायद्याचं. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस हा हमीविषयीचा कायदा आहे. त्यानुसार, तो भाग किंवा ती सेवा कंपनी फुकट देत नसेल, तर ‘आमचाच भाग वापरा, आमच्याकडूनच दुरुस्त करा, नाहीतर हमी रद्द’ अशी अट सरसकट घालता येत नाही. तरीही ‘काढल्यास हमी रद्द’ असे शिक्के यंत्रांवर लागत राहिले. २०१८ च्या एप्रिलमध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना याबद्दल ताकीद देणारी पत्रं पाठवली. पुढे नावं बाहेर आली, त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या तिघी होत्या. म्हणजे खेळाच्या यंत्रांची जवळजवळ सगळी बाजारपेठ. २०२१ च्या मे महिन्यात याच कमिशनने काँग्रेसला अहवाल दिला, आणि दुरुस्ती अडवण्यासाठी कंपन्या जी कारणं देतात त्यांना फारसा पुरावा आढळत नाही असा त्याचा निष्कर्ष होता.

न्यायालयाने याआधीही एकदा मालकाची बाजू घेतली होती. गेम जिनी नावाचं एक जोडयंत्र होतं. कार्ट्रिज आणि यंत्र यांच्यामध्ये ते बसवलं की खेळाचे नियम तात्पुरते बदलत, तीनऐवजी जास्त जीव मिळत वगैरे. निन्टेन्डोचं म्हणणं, हा आमच्या कलाकृतीत फेरफार आहे. १९९२ साली अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते मानलं नाही. विकत घेतलेल्या वस्तूशी माणसाने आपल्या घरात आपल्या आनंदासाठी काय करावं यात विकणाऱ्याला शेवटपर्यंत दखल देता येत नाही, असा त्या खटल्याचा आम्ही घेतलेला अर्थ आहे. वकील मंडळी इथे असतील तर त्यांनी आम्हाला दुरुस्त करावं.

पण अलीकडचे कायदे पाहा. कॅलिफोर्नियाने २०२३ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. कंपन्यांनी सुटे भाग, हत्यारं, माहितीपत्रकं लोकांना उपलब्ध करून द्यावीत, असा. चांगला कायदा आहे. आणि त्यातून व्हिडिओ गेमची यंत्रं स्पष्टपणे वगळली आहेत. धुलाईयंत्र आणि फोन आत, खेळणं बाहेर. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली समिती नेमली. तिने सुरुवातीला घेतलेली क्षेत्रं शेतीची अवजारं, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ उपकरणं आणि वाहनं. ट्रॅक्टर पहिल्या यादीत आला हे आम्हाला योग्यच वाटतं. खेळण्यासाठी कुणी आंदोलन करणार नाही, हेही खरं.

तरी खेळण्यातही माणसांचा पैसा अडकतो. एक्सबॉक्स ३६० च्या बाबतीत तीन लाल दिवे लागून यंत्र बंद पडण्याचा प्रकार इतका वाढला की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडासाठी हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च मांडला. कंपनीने जबाबदारी घेतली, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण तीन वर्षं संपल्यावर काय? त्यानंतर शिक्का आणि टॉर्क्स कुणाचं रक्षण करत होते? जॉय-कॉनचा दांडा न हलवता हलायला लागायचा, पडद्यावरचं पात्र आपोआप चालायला लागायचं. २०१९ साली त्यावरून अमेरिकेत खटले झाले, २०२० च्या जूनमध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष फुरुकावा यांनी झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तो दांडा म्हणजे एक छोटा सुटा भाग आहे. चार वाय स्क्रू काढता आले तर हाताला सवय असलेला माणूस तो घरी बदलतो.

आणि आता आम्हाला या स्क्रूबद्दल थोडी मायाच वाटू लागली आहे, ती का ते सांगतो. स्क्रू उघडपणे नाही म्हणतो. दिसतो. त्याच्याशी भांडता येतं, त्याचा साचा घेता येतो, आज त्याचं हत्यार दोनतीनशे रुपयांत घरपोच येतं. त्याच्यामागून जे आलं ते दिसत नाही. एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ४ अशा यंत्रांत डिस्क वाचणारा भाग आणि मुख्य पाटी यांची गुप्त संकेताने जोडी जमवलेली असते. तोच भाग दुसऱ्या यंत्रातून काढून बसवला, स्क्रू अगदी नीट लावले, तरी मुख्य पाटी त्याला ओळखत नाही. इथे बॉलपेन चालत नाही. अमेरिकेत असा डिजिटल अडसर तोडणं कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, म्हणून दर तीन वर्षांनी सवलती मागाव्या लागतात. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये खेळाच्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी सवलत मिळाली, ती फक्त डिस्क वाचणाऱ्या भागापुरती. स्वतःच्या वस्तूचा सुटा भाग बदलण्यासाठी सरकारकडून तीन वर्षांची परवानगी! रघुनाथ शिरोमणींना हे कसं समजावून सांगावं, आम्हाला सुचत नाही.

वेळ होत आली. दोन व्यावहारिक गोष्टी, कारण चिठ्ठ्या आल्या आहेत. एक, जपानी यंत्रांतले आतले प्लस स्क्रू फिलिप्सचे हुबेहूब भाऊ नसतात, जपानी मानकाप्रमाणे खाच किंचित वेगळी असते. नेहमीचा स्क्रूड्रायव्हर जोराने फिरवला तर डोकं झिजतं. जेआयएस असं लिहिलेलं टोक घ्या. दुसरी, वीजपुरवठ्याचा भाग आतच असलेलं यंत्र असेल तर प्लग काढून लगेच उघडू नका, आणि उघडलं तरी त्या भागाला हात लावू नका, ते काम जाणकाराला द्या. कार्ट्रिजच्या बाबतीत ही भीती नाही, फक्त बॅटरी काढण्याआधी नोंदीची व्यवस्था करा. तिसऱ्या रांगेतल्या बाई मघापासून हात वर करून आहेत. विचारा.